मनावर घेतलंय

१५ जून, शनिवार

परदेशातल्या चर्चचे पाहुणे दुपारी पोचले. त्यांची मागची गाडी नदीच्या उतारावर वाळूत रुतली, अर्धा गाव ढकलायला धावला, आणि ओळखपाळख तिथंच झाली. म्होरके पास्टर वेंडेल. उंच, लाल मानेचे, हात हातात घेतला की सोडत नाहीत. त्यांच्याबरोबर डॉरथीबाई, निवृत्त नर्स, बोलायला कमी. बाकीची तरुण मंडळी चर्चच्या भिंती रंगवायला आलीत.

दुभाषी मी. आमचे पास्टर हांबुलो म्हणाले, "चाबोटाताई, तू मिशनच्या शाळेत शिकलेली. माझं इंग्रजी दुकानापुरतं. तू बोल, मी बाजूला उभा राहतो."

पहिलीच परीक्षा सिआमूंगा आजोबांनी घेतली. मालेंडेचं, म्हणजे आमच्याकडे पाऊस मागायची जी जागा आहे तिचं, सगळं तेच बघतात. चर्चच्या पाहुण्यांना भेटायला ते येतील असं वाटलं नव्हतं. पण आले, काठी टेकत, आणि आधी माझ्याकडे वळले. "काय गं शेळे, आज दुपारचं जेवण मिळालं नाही मला." त्यांचं कूळ तरसाचं, आमचं शेळीचं. या दोन कुळांनी एकमेकांची थट्टा करायची ही रीतच आहे. मी म्हटलं, "दात उरलेत का तरसाला?" मग त्यांनी वेंडेलना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "विचार याला, एवढा बाप्या झाला, बायको कुठे सोडून आला? पळून गेली असेल तर आमच्याकडे विधवा पुष्कळ आहेत."

मी सांगितलं, "आजोबा तुमच्या घरच्यांची खुशाली विचारताहेत."

वेंडेलना भरून आलं. त्यांनी बायकोचा आणि दोन कुत्र्यांचा फोटो दाखवला. आजोबांनी कुत्र्यांची तारीफ केली. दोघंही खूश. यात कुणाचं काय गेलं?

सात वर्षांची लुयांडो माझ्या पायाशी घुटमळत होती. वेंडेलनी विचारलं, "ही तुमची मुलगी?" मी हो म्हटलं. ती मला आईच म्हणते.

१६ जून, रविवार

पहिलं प्रवचन. मी घाबरले होते, पण एकदा लय सापडली की जमतं. ते थांबतात, मी बोलते, मी थांबते, ते बोलतात. एका ठिकाणी ते म्हणाले, "तुमचे बापजादे अंधारात मेले." समोर म्हातारी माणसं बसली होती. मी म्हटलं, "तुमच्या बापजाद्यांनी फार अडचणी सोसल्या." म्हातारे माना डोलवू लागले. वेंडेलना वाटलं, शब्द काळजाला भिडला. बाहेर आल्यावर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "चाबोटा, तुम्ही नसता तर आम्ही मुके असतो."

घरी येऊन मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळताना तेच वाक्य आठवत होतं. नवऱ्याला सांगायला हवं होतं, पण तो तलावावर कापेंटा मासे पकडायला गेलाय. महिना-दीड महिना तरी यायचा नाही.

१९ जून, बुधवार

आजचा दिवस मोठा.

गावप्रमुख मुन्साकांनी सभा बोलावली. लग्नातला कोट घालून बसले होते. ते उठले आणि त्यांनी दवाखान्याचं काढलं. "आमच्या बाया अडल्या की बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. मध्ये नदी तीनदा ओलांडावी लागते. तिसऱ्या उतारावर एक पोर जन्माला आलं. पोर वाचलं. आई तिथंच राहिली."

मी भाषांतर केलं, "एका बाईचं असं झालं." लुयांडो शेजारीच उभी होती, तिला पाणी आणायला पाठवलं. धूळ फार होती.

वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, "मित्रांनो, हे ओझं देवानं आज माझ्या हृदयावर ठेवलं आहे. ते मी घरी घेऊन जाईन. आम्ही यासाठी प्रार्थना करू."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "ते म्हणतात, आम्ही हे मनावर घेतलंय. परत गेलो की करतो."

जवळजवळ तेच. ज्या माणसानं एवढ्या लोकांसमोर हृदयावर हात ठेवला, तो करणार नाही तर काय? प्रार्थना म्हणजे त्यांच्याकडे कामाची सुरुवातच असते. मी काही भर घातली असं मला वाटत नाही. जरा पुढचं वाक्य आधी म्हटलं एवढंच.

बायकांनी जिभा हलवून अशी आरोळी दिली की झाडावरचे पक्षी उडाले. वेंडेल मला म्हणाले, "प्रार्थनेवर यांचा केवढा विश्वास आहे."

हांबुलो माझ्याकडे बघून हसले. "छान बोललीस ताई," म्हणाले.

२१ जून, शुक्रवार

सकाळी वेंडेलच्या गाडीतून पलीकडच्या वस्तीवर गेलो. वाटेत त्यांना मालेंडेची झोपडी दिसली. छातीएवढ्या उंचीची, गवताचं छप्पर, आत मडकी. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगायच्या आत मागे बसलेले हांबुलो बोलले, "तिथं मेलेल्यांची पूजा होते. तेच आमच्या लोकांना धरून बसलंय." दुकानापुरत्या इंग्रजीला हे वाक्य बरंच लांब होतं.

वेंडेलनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "जिथं असलं काही उभं आहे तिथं देव नवं काही बांधत नाही, चाबोटा. आधी जुनं पडावं लागतं." मला दवाखानाच दिसत होता. पत्र्याचं छप्पर, दारात बाकडं, बाकड्यावर पोटुशा बाया.

दुपारी त्यांनी मुन्साका आणि सिआमूंगा आजोबांना बोलावलं. विचारलं, "ख्रिस्तासाठी तुम्ही ती जागा सोडून द्यायला तयार आहात का?"

मी विचारलं, "त्यांना त्या जागेबद्दल बोलायचंय. ती देता येईल का, म्हणतात."

आजोबा बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत बसले. मग म्हणाले, "जागा माझी असती तर दिली असती. ती ज्यांची आहे ते खाली झोपलेत. पण दवाखान्यासाठी मागत असतील तर शेजारची मोकळी जमीन आहे. मी विचारून बघतो. त्यांना वाहायला दारू गाळावी लागेल, चार दिवस लागतील. नाही म्हणतील असं वाटत नाही, बाया त्यांच्याही होत्या."

मी म्हटलं, "आजोबांना थोडा वेळ हवाय. त्यांचा विरोध नाही."

"म्हणजे हो?" वेंडेलनी विचारलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मी "हो" म्हटलं.

लिहिताना तो शब्द केवढासा दिसतो. पण विरोध नाही म्हणजे हो असंच आपण धरतो की नाही? मुलीकडचे गप्प बसले की सोयरीक ठरली असंच समजतात. आजोबांनी विचारलं की ते तयार होतील, आणि तयार झाले की मी खरं बोलले असं होईल.

२३ जून, रविवार

नाही, नीट झालेलं नाही.

चर्चमध्ये वेंडेलनी मध्येच हात वर केले आणि जाहीर केलं, "पुढच्या रविवारी हे गाव आपल्या हातानं ते जुनं देऊळ जाळणार आहे."

जाळणार हा शब्द आधी कुणीच काढला नव्हता. ते थांबले. माझी पाळी होती. लोक तोंडाकडे बघताहेत. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मालेंडेपाशी मोठी प्रार्थना आहे. सगळ्यांनी यावं." लोक खूश झाले. मुन्साका म्हणाले, पायाभरणीच असणार.

हांबुलो शेजारीच उभे होते. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. नंतर येऊन म्हणाले, "बरोबर सांगितलंस. लोकांना एकदम सगळं सांगायचं नसतं." चांगला माणूस आहे. माझी अडचण त्याला कळली.

२५ जून, मंगळवार

बायकांनी नदीवरून वाळू आणायला सुरुवात केलीय. डोक्यावर घमेली, रांग लागलीय. पुरुष दगड आणताहेत. मालेंडेशेजारी ढीग वाढतोय. कुणी सांगितलं नव्हतं. गर्भार असलेली म्वालेसुद्धा अर्धं घमेलं आणते. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, "मग कुणासाठी बांधताहेत? तुझ्यासाठी?" सगळ्या हसल्या.

डॉरथीबाईंनी विचारलं, "या काय करताहेत?"

"रविवारची तयारी. जागा स्वच्छ करताहेत."

बाई ढिगाकडे बघत राहिल्या. "जागा स्वच्छ करायला वाळू आणतात?" त्यांनी एवढंच विचारलं आणि म्वालेचं पोट तपासायला गेल्या.

संध्याकाळी सिआमूंगा आजोबा अंगणात आले. चिब्वांटूचा, आंबट पेजेचा, पेला दिला, तो हातात धरून बसले. "शेळे, मी पोरगा होतो तेव्हा धरणवाले आले. आपलं गाव खाली नदीकाठी होतं. साहेब पुष्कळ बोलला. दुभाषा थोडंच बोलला. म्हणाला, तुम्ही वर चला, पाणी तुमच्या मागून येईल. आम्ही आलो. पाणी अजून यायचंय. साहेब तसं खरंच म्हणाला होता की दुभाषाच म्हणाला, ते आम्हाला कधी कळलंच नाही."

मी विचारलं, "हे मला का सांगता?"

"म्हातारा माणूस. आठवलं ते सांगितलं."

ते गेल्यावर मी शाल ओढून घेतली. जून म्हणजे आमच्याकडे हिवाळा, संध्याकाळी गारठा असतोच.

२७ जून, गुरुवार

आजोबांनी झोपडीपाशी दारू ओतली. पूर्वजांनी परवानगी दिली म्हणाले. शेजारी पाया खणा, झोपडीला हात लावू नका. रविवारी ते स्वतः वेंडेलना झोपडीपाशी नेऊन ओळख करून देणार आहेत, की हा परका माणूस आपल्या बायांसाठी आलाय, याला काही करू नका.

मी थेट वेंडेलकडे गेले. सांगायचंच ठरवलं होतं. ते गाडीच्या टपाला टेकून फोनवर बोलत होते, रडत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आमचं चर्च दोन वर्षं भांडतंय, चाबोटा. माणसं सोडून चाललीत. या झोपडीची बातमी पोचली आणि काल सगळे एकत्र जमले. बोलेनासे झालेले लोक शेजारी बसले. तुमच्या गावानं आमचं चर्च वाचवलं." आणि माझे हात धरले.

मी तोंड उघडलं. म्हटलं, "जेवण तयार आहे."

मुन्साकांकडे गेले, तर ते कोटाला बटण लावत बसले होते. "लुयांडोच्या आई, दवाखान्याला नाव काय द्यायचं? माझ्या मनात एक आहे, पण आत्ता सांगत नाही. तुला आवडेल." त्यांनाही मला सांगता आलं नाही.

मी काही चोरलेलं नाही. कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.

२९ जून, शनिवार

हांबुलोंच्या पडवीत रॉकेलचा डबा आहे.

मी विचारलं, "हे कशाला?"

"उद्यासाठी."

"पास्टर, म्हातारे तयार नाहीत."

ते चष्मा पुसत होते. "तू तर सांगितलंस, तयार आहेत म्हणून. मी शेजारीच होतो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"मला इंग्रजी कळतं, ताई. बोलायला येत नाही असं मी कधी म्हटलं? दुकानापुरतं म्हटलं." चष्मा डोळ्यांवर चढवला. "अकरा वर्षं मी त्या झोपडीविरुद्ध बोलतोय. कुणी ऐकलं नाही. तू एका शब्दात काम केलंस. आता मागे कशाला फिरतेस? एकदा जळली की जळली. चार दिवस ओरडतील. मग दवाखाना येईल, विसरतील."

"दवाखाना येणार आहे का?"

ते हसले. "ते तुला ठाऊक. तूच सांगितलंस."

३० जून, रविवार, दुपार

जसं झालं तसं लिहिते.

चर्च सुटलं. वेंडेल पुढे, गाणारी मंडळी मागे, एका पोरीच्या हातात काठीला लावलेला फोन, तिकडच्या लोकांना सगळं दिसावं म्हणून. हांबुलोंच्या हातात डबा. मालेंडेपाशी गाव आधीच जमलं होतं. मुन्साका कोटात. सिआमूंगा आजोबा दारूचा भोपळा घेऊन झोपडीच्या तोंडाशी.

आजोबांनी वारा हुंगला. "डब्यात काय आहे?"

वेंडेलनी डोळे मिटून हात पसरले. "आज हे गाव आपली जुनी साखळी तोडत आहे. चाबोटा, सांगा."

मी डब्याकडे बघत होते.

"चाबोटा?"

तेव्हा हांबुलो पुढे झाले आणि आमच्या भाषेत, खणखणीत म्हणाले, "आज आपण हे जाळणार आहोत. तुमच्या म्हाताऱ्यांनी कबूल केलंय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम कल्ला झाला. मुन्साका माझ्याकडे बघत होते, बाकी कुणाकडेच नाही. आजोबांनी भोपळा खाली ठेवला, वाकले, आणि झोपडीत शिरून मडक्यांमध्ये बसले. गुडघे बाहेर दिसत होते. आतून आवाज आला. "पेटव."

पुरुषांनी ढिगातले दगड उचलले. पायासाठी आणलेले. एक गाडीच्या काचेवर बसला. गाणारी पोरं एकमेकांना चिकटली. हांबुलोंनी डब्याचं झाकण काढलेलं होतं, आणि ते परत लावत नव्हते.

"हे काय करताहेत ते?" वेंडेल ओरडले. "त्यांनी होकार दिला होता. त्यांना आठवण करून द्या."

मी म्हटलं, "त्यांनी दिला नव्हता. मी दिला."

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं. "आजोबा म्हणाले होते, शेजारच्या जमिनीबद्दल विचारून बघतो. हो मी म्हटलं. आणि तुम्ही दवाखाना बांधणार असं मी यांना सांगितलंय. ही वाळू त्यासाठी आहे." मग गावाकडे तोंड केलं आणि हेच आमच्या भाषेत सांगितलं. पहिल्या शब्दापासून. हृदयावर ओझं, प्रार्थना, साखळी, सगळं.

डब्यातलं रॉकेल हिंदकळलेलं ऐकू आलं.

मुन्साका म्हणाले, "विचार त्याला. बांधणार की नाही? एका शब्दात सांगायला लाव."

मी विचारलं. वेंडेल म्हणाले, "आम्ही प्रार्थना करू म्हणालो होतो. तसं काही ठरलेलं नाही. आमचं चर्च लहान आहे, आम्ही—"

"एका शब्दात म्हणताहेत."

त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं. आत्तापर्यंत पाहिलाच नव्हता बहुतेक. "नाही."

मी सांगितलं, "नाही."

म्वाले वाळूच्या ढिगावर मटकन बसली.

दगड हातातच होते. एकानं हांबुलोंवर नेम धरला. तेवढ्यात डॉरथीबाई चालत पुढे आल्या, पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा हांबुलोंच्या हातातला डबा घेतला, झाकण लावलं, गाडीत नेऊन ठेवला आणि परत आल्या. मला म्हणाल्या, "त्या गृहस्थांना विचारा, आपले आपण उठतील की हात देऊ?"

मी विचारलं.

आत मडकी खडखडली. मग आजोबा म्हणाले, "सांग तिला, आत शिरताना राग होता, त्यावर गेलो. बाहेर यायला गुडघे लागतात."

हेही जसंच्या तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, पण गावात कुणीतरी फसकन हसलं, मग आणखी कुणी. दोघांनी दगड टाकले आणि आजोबांना काखेत धरून ओढून काढलं. एक मडकं फुटलं. बाकीचे दगड हळूहळू खाली गेले.

वेंडेल नंतर गाडीपाशी बसले होते. म्हणाले, "तुम्ही माझ्या तोंडात शब्द घातलेत."

"हो."

"आता घरी मी काय सांगू?"

दुभाष्याला विचारायचा प्रश्नच नव्हता तो.

१ जुलै, सोमवार

पाहुणे गेले. उतारावर गाडी रुतली, तेव्हा ढकलायला कुणी गेलं नाही. शेवटी मुन्साकांनीच माणसं पाठवली.

डॉरथीबाईंनी म्वालेसाठी गोळ्या ठेवल्यात. म्हणाल्या, "मी परत येईन असं सांगत नाही. या गोळ्या रोज एक, एवढंच सांगा." तेवढंच सांगितलं.

४ जुलै, गुरुवार

पंचायत बसली. मी मधोमध, चटईवर. वाळू वाहणाऱ्या बायकांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. म्वालेनंही नाही.

दंड ठरला. फुटलेल्या मडक्याबद्दल आणि जागेच्या अपमानाबद्दल आजोबांना एक शेळी. आजोबा म्हणाले, "तरसाला शेळी देताय, विचार करा." हसू दाबायला लोकांनी माना खाली घातल्या. हांबुलोंनाही बोलावलं होतं. ते आले नाहीत. तालुक्याला बहिणीकडे गेलेत म्हणे.

कुणीतरी म्हणालं, हिनं गावाला फसवलं. तेव्हा आजोबा गंभीर झाले. "फसवलं म्हणू नका. पाहुणा काय म्हणाला ते आपल्यातल्या कुणालाच ऐकू आलं नाही. मिझिंगाच्या बहिणीला जे ऐकू आलं ते आपण ऐकलं."

मुन्साका कोटाच्या बाहीशी चाळा करत होते.

माझ्या बहिणीला यात का ओढलं कळत नाही. मिझिंगाला जाऊन सात वर्षं झाली. रडायचं तेवढं मी तेव्हाच रडले. तिसरा उतार आता मी रोज ओलांडते, काही होत नाही. तिचा आणि या गोष्टीचा काय संबंध?

मग ठरलं, की वाळू आणलीच आहे तर सरकारकडे जायचं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात नवा साहेब आलाय, उत्तरेकडचा. त्याला आपली भाषा येत नाही. दुभाषा कोण? एकजण म्हणाला, हांबुलोंना निरोप पाठवा.

आजोबा म्हणाले, "त्याला येत होतं ते त्यानं लपवलं. हिला येत होतं त्याहून हिनं जास्त खर्च केलं. उधळ्या माणसाला आवरता येतं. लपवणाऱ्याचं काय करणार?"

मुन्साका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुधवारी निघायचं."

घरी येऊन लुयांडोची वेणी घातली. नीट जमेना. सोडली, परत घातली. ती म्हणाली, "आई, दुखतंय."

१७ जुलै, बुधवार

गेल्या बुधवारी मुन्साकांना ताप होता, म्हणून आज गेलो. ट्रकच्या मागे, कोंबड्यांबरोबर. आजोबा सगळी वाट झोपले.

साहेब तरुण, स्वच्छ शर्ट, टेबलावर कागदांचे गठ्ठे. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मुन्साका उभे राहून बोलले. बैलगाडी, नदी, तीन उतार. मी भाषांतर केलं. तिसऱ्या उतारापाशी आल्यावर म्हटलं, "तिथं एक बाई वारली. ती माझी बहीण होती." हे मुन्साकांनी म्हटलेलं नव्हतं. मी थांबले आणि आमच्या भाषेत सांगितलं, "एवढं मी माझं घातलं." मुन्साका म्हणाले, "राहू दे."

साहेबानं पेन टेकवलं. "मागणी रास्त आहे. आम्ही बघू."

मी सांगितलं, "ते म्हणतात, मागणी रास्त आहे, आम्ही बघू."

"म्हणजे होणार?" मुन्साकांनी मला विचारलं.

"ते बघू म्हणाले. होणार असं म्हणाले नाहीत."

साहेबानं आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं असावं. खुर्ची जरा माझ्याकडे सरकवून हळू आवाजात म्हणाला, "ताई, म्हातारी माणसं आहेत. लांबून आलीत. होईल म्हणून सांगा ना. खूश होऊन घरी जातील."

तो चांगल्या मनानं बोलत होता. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला.

मी दोघांकडे वळले आणि म्हटलं, "साहेब मला म्हणताहेत, म्हातारी माणसं आहेत, लांबून आलीत, होईल म्हणून सांग, खूश होऊन घरी जातील."

साहेबाला शब्द कळले नाहीत, पण मी काय केलं ते कळलं. त्याचे कान लाल झाले.

सिआमूंगा आजोबा उठायच्या बेतात होते. ते परत खाली बसले, काठी मांडीवर आडवी घेतली. "सांग त्याला, खूश व्हायला आम्ही आलो नाही. तेवढं घरी बसून होता येतं."

मी सांगितलं.

बाहेर रांगेत कुणाचं तरी मूल खोकत होतं. साहेबानं पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच आम्हाला काहीतरी विचारलं.

"गाव कुठून सुरू होतं तुमचं? पहिल्यापासून सांगा."

मी ते आजोबांना सांगितलं. आजोबांनी घसा साफ केला आणि धरणाच्याही आधीपासून, नदीकाठच्या गावापासून सुरुवात केली. ते पुष्कळ बोलले. मीही तेवढंच बोलले.